पाऱ्याला ओळखणारी दोघं

काकांचं आता काही खरं नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच ठकूला कळलं होतं. सायकलच्या दुकानाशेजारचा जिना चढतानाच तिला त्यांचा श्वास ऐकू यायचा, फाटक्या भात्यासारखा. मुलगा-सून परदेशात, मग उरली कोण, तर ही पुतणी. दिवसभर कारखान्यात चष्म्याची भिंगं घासायची आणि संध्याकाळी येऊन काकांना पुसून काढायचं, चादर बदलायची, काहीतरी पातळ चमच्याने भरवायचं.

"पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं करतेस गं," शेजारीण म्हणायची. ठकू मळकी चादर गोळा करायला लागायची. गेली चाळीस वर्षं ती या माणसाशी कामापुरतंच बोलली होती.

पारा तिचा होता. वडिलांनी कोटाच्या खिशातून आणलेलं शिकारी कुत्र्याचं पिल्लू. धरावं तर हातात ठरेना, म्हणून पारा. बाटलीनं दूध पाजून ठकूनं त्याला वाढवला. मोठा झाला तेव्हा कंबर मूठभर, छाती ही रुंद, आणि पाय इतके लांब की बसताना आधी कुठला दुमडावा याचाच त्याला प्रश्न पडायचा. सुट्टीच्या दिवशी वडील, काका आणि ठकू त्याला घेऊन टेकड्यांमागच्या झाडीत जायची. ससा उठला की पाऱ्याचे पाय जमिनीला लागतच नसत. आणि धरलेला ससा तो वडिलांना ओलांडून ठकूच्या पायाशी आणून टाकायचा.

"बंदूक माझी, काडतूस माझं, आणि नजराणा हिला!" वडील म्हणायचे.

ठकू अठरा वर्षांची होती. त्या दिवशी तापामुळे ती घरीच राहिली, आणि त्याच दिवशी रानडुकरानं वडिलांची मांडी फाडली. डुक्कर पळालं. पारा मात्र वडिलांच्या अंगावर आडवा उभा राहिला आणि काकांना जवळ येऊ देईना. काकांनी चुचकारलं, दरडावलं, अंगावर कोट टाकून पाहिला. तो दोनदा कडकडून चावला. इकडे वडिलांचं रक्त वाहतच होतं. शेवटी काकांनी त्याला गोळी घातली, भावाला पाठीवर घेतलं आणि रस्ता गाठला. वडील तिसऱ्या दिवशी गेले.

काकांना दोष द्यायला जागाच नव्हती, आणि तेच ठकूला पचेना. घर माणसांनी भरलेलं असताना तिनं एकदाच विचारलं, "पाऱ्याला कुठे ठेवलंत?" आईनं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली.

"घरातला कर्ता माणूस गेलाय, आणि हिला कुत्र्याचं पडलंय!"

त्यानंतर त्या घरात ते नाव निघालं नाही. ठकू रडायची तेव्हा लोक म्हणायचे, पोरीचा बापावर फार जीव. होताच. पण कुठलं रडू कोणासाठी, हे तिचं तिलाही वेगळं काढता येईना.

एका संध्याकाळी काका जरा हुशारीत होते. ठकू त्यांचा हात पुसत होती. मनगटाच्या वर दातांचे व्रण होते, पांढरे पडलेले. फडकं तिथे अडखळलं.

"पाऱ्याचे," काका म्हणाले.

"माहीत आहे."

"अजून राग आहे?"

"आहे."

"असू दे." ते बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले. "तुझा आवाज काढला होता मी तेव्हा. बारीक आवाजात हाक मारली. वेडा शेपूट हलवायला लागला गं. मग कळलं असेल त्याला, की तू नाहीस."

ठकूला उठून जावंसं वाटलं. ती उठली नाही. "पुरलंत कुठे?"

"चार दिवसांनी गेलो होतो फावडं घेऊन. पुरण्यासारखं काही उरलं नव्हतं."

खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. ठकूनं फडकं पिळलं, दुसरा हात पुसायला घेतला आणि म्हणाली, "साबण दिसला की पळायचा तो."

"पळायचा? अगं, अख्खी वडी गिळली होती त्यानं! दिवसभर तोंडाला फेस, आणि तुझी आई ओरडतेय, कुत्रा पिसाळला म्हणून!"

हे ती साफ विसरली होती. तिला हसू फुटलं, न विचारता, आणि काकाही हसता हसता खोकल्यानं काळेनिळे झाले.

त्या दिवसापासून ठकू कारखान्यातून थेट धावत यायची. कुठला कान दुमडलेला होता? झोपेत पाय झाडायचा ना? काका सांगायचे, मधेच श्वासासाठी थांबायचे, पुन्हा सांगायचे. रोग्याला बोलू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ठकू बोलू द्यायची. एवढंच नाही, ते थांबले की पुढचं विचारायची.

ते गेले तेव्हा ती कामावर होती.

काकांच्या मुलाचा परदेशातून फोन आला. बराच वेळ रडून झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, शेवटी काय बोलायचे गं बाबा?"

"पाऱ्याबद्दल. कुत्र्याबद्दल."

"कुत्रा? आपल्याकडे कुत्रा होता?"

ठकूनं सांगायला तोंड उघडलं.

"होता एक," ती म्हणाली. "तू जन्माला यायच्या आधी."

"असं होय," तो म्हणाला. आणि मग खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते त्यानं विचारलं.