सत्तेचाळीस नंबर

भुजंगनं स्टेशनच्या खोलीत दोन वह्या साहेबांपुढं उघडून ठेवल्या. एक त्याच्या रेल्वे फाटकाची, दुसरी स्टेशनची.

ताडकळसच्या बाजाराहून येताना किशनरावाचा बैल मालगाडीखाली गेला होता. फाटक उघडंच होतं, अशी त्याची तक्रार. ती खरी ठरली की भुजंगची एकाहत्तर सालापासूनची बारा वर्षांची नोकरी गेली, आणि रेल्वेची खोलीही. साहेब चौकशीला आले होते. शेजारी स्टेशनमास्तर ईश्वरअप्पा उभे होते.

“स्टेशनच्या वहीत गाडी दहा बाराला गेली. तू फाटक लावलंस दहा चौदाला. बैल मेल्यावर लावलंस काय रे?” साहेबांनी विचारलं.

“तसं न्हाई साहेब. ह्यो सत्तेचाळीस नंबर बघा.”

फाटक लावलं की भुजंगनं फोनवर एक नंबर सांगायचा, दोघांनी तो आपापल्या वहीत वेळेसकट लिहायचा, मगच मास्तरांनी गाडी सोडायची. रीतच होती तशी.

“मी बोललो तवाच मास्तरांनी लिव्हला. माज्या वहीत दहा चौदा, त्यांच्या वहीत दहा आठ. येळ एकच, घड्याळं दोन. माजं सहा मिन्टं म्होरं हाय.”

साहेबांनी बोट ठेवून चार दिवसांचे नंबर जुळवले. दरवेळी सहाच मिनिटं. चौथी शिकलेल्या माणसानं आपल्याला गणित घातलं, हे त्यांना काही रुचलं नाही.

“ठीक आहे. फाटक बंदच होतं. बैल किशनरावानंच बाजूनं घुसवला.”

भुजंगचा जीव भांड्यात पडला. घरी त्याची बायको मनकर्णा सामान बांधून बसली होती.

“पण घड्याळ सहा मिनिटं पुढं? उद्या माणसं मरतील. तू निलंबित.”

“साहेब, रोज सकाळी मास्तरच फोनवर येळ सांगतात. तीच लावतो मी. मास्तर, बोला की!”

“मी भिंतीवरचं घड्याळ बघूनच वहीत लिहितो, फोनवरही तीच वेळ सांगतो,” ईश्वरअप्पा म्हणाले. भुजंगकडं त्यांनी पाहिलं नाही.

झालं! मास्तरांचं घड्याळ खरं, फाटकवाल्याचं खोटं. त्याला पुरावा कशाला लागतोय? साहेबांनी हुकूम लिहून सही केली. भिंतीकडं त्यांची पाठ होती.

“किती वाजले हो मास्तर?” त्यांनी विचारलं.

ईश्वरअप्पांनी सवयीनं मनगट वर केलं.

“बारा वीस.”

भिंतीवर बारा चौदा झाले होते.

“साहेब, भिंतीवर बघा, मागं...”

“पुरे झालं तुझं गणित.”

साहेबांनी सहीखाली बारा वीस लिहिलं आणि कागद भुजंगपुढं सरकवला.