दोरीभाऊंनी बुजवलेल्या खुणा

दोरीभाऊंना दोरी लागत नसे, म्हणूनच त्यांचं नाव दोरीभाऊ पडलं होतं. खोलीच्या भिंतीवर रंगाची पट्टी ओढायची झाली की बाकीचे रंगारी दोरी ताणणार, खडू घासणार, चिकटपट्टी डकवणार. हे मात्र शिडीवर चढायचे, श्वास रोखायचे आणि अर्ध्या इंची ब्रशने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढून मोकळे व्हायचे. चेष्टेखोरांनी नाव ठेवलं आणि ते एकतीस वर्षं टिकलं. मग एका जिन्यात शिडी सरकली आणि उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. हाड यथावकाश जुळलं, पण दुखावलेली नस काही ताळ्यावर आली नाही. कप उचलला की निम्मा चहा बशीत. डॉक्टर म्हणाले, शिडी आता विसरा.

शिडी त्यांनी विसरलीही असती. पण हाताला रेघेची आठवण होती, त्याचं काय करायचं? दिवसातून दहादा ते हात समोर धरून बघायचे आणि म्हणायचे, "आता हा कुणाच्या काय कामाचा?"

"अहो, घास तर पोचतोय ना तोंडापर्यंत?" औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली त्यांची बायको म्हणायची. "मग तोंडालाच जरा विश्रांती द्या."

पण तीही आतून घाबरलेली होती. रंगकामावरून आल्यावर अंघोळ करताना शीळ घालणाऱ्या या माणसाच्या तोंडून सहा महिन्यांत एक सूरही निघाला नव्हता.

अशा घरात जावईबापू एका रविवारी जुना संगणक काखोटीला मारून आले. संगणक दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. सासरे-जावयाचं तसं वाकडं नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. हवापाणी, रस्त्यावरची गर्दी आणि 'जेवलात का' एवढ्यात लग्नाची चार वर्षं निघाली होती.

"बाबा, बोटं हलती ठेवायला सांगितलीत ना? हा खेळ बघा. तलवारी आहेत, चेटूक आहे, ड्रॅगन आहेत."

"या वयात ड्रॅगन?" दोरीभाऊ म्हणाले. पण जावयाचं मन कसं मोडणार, म्हणून बसले.

व्हायचं तेच झालं. अक्षरं मुंगीएवढी. तळघरात अंधार असा की भिंत कुठे आणि उंदीर कुठे ते कळेना. पळायला एक हात हवा आणि तलवार चालवायला दुसरा, आणि दुसऱ्याचं तर हे असं. एका गलेलठ्ठ उंदराने त्यांना लागोपाठ चार वेळा ठार केलं.

"एकतीस वर्षं शिडीवर काढली," ते उठत म्हणाले, "आणि मरण आलं ते उंदराकडून! न्या हो हे घरी."

जावयाने नेलं नाही. पुढच्या रविवारी तो एक कागद घेऊन आला. त्यावर 'नव्या खेळाडूंना सुचवलेले मॉड' म्हणून सोळा नावं होती.

"मॉड म्हणजे?"

"खेळणारेच लोक खेळात आपल्या सोयीने बदल करतात, बाबा. कुणी अक्षरं मोठी करतं, कुणी गुहेत उजेड वाढवतं. आणि केलं की सगळ्यांना फुकट देऊन टाकतात."

"फुकट? त्यांना काय मिळतं?"

"काही नाही."

दोरीभाऊंना हे काही पटलं नाही. यादीत सगळेच शहाणे नव्हते. एका मॉडने गावातल्या कोंबड्या बोलू लागत, एकाने वारा नसतानाही सगळ्यांचे केस भुरभुरत. कामाचे तेवढे निवडून जावयाने दोन तास खटपट केली, आणि शेवटी अक्षरं मुंगीएवढी ती मुंगीएवढीच. बिचारा डोकं धरून बसला.

"कुठला आधी लावलात?" दोरीभाऊंनी विचारलं.

"मोठ्या अक्षरांचा. सगळ्यात गरजेचा म्हणून पहिला."

"आणि त्याच्यावर?"

"हा मोठा. सगळ्या खेळाचं रूपच पालटतो."

"अहो जावईबापू, मग अक्षरं दिसतील कशी? नक्षी काढून वर अख्ख्या भिंतीला रंग फासलात की तुम्ही! मोठा आधी, बारीक काम शेवटी. डोळ्याला दिसतो तो वरचा थर."

जावयाने क्रम उलटा केला आणि अक्षरं टपोरी झाली. तो सासऱ्यांकडे बघतच राहिला. चार वर्षांत पहिल्यांदाच दोघे एकमेकांना टाळी देऊन हसले.

यादीतला शेवटचा मॉड होता एका हाताने खेळण्याचा. करणाऱ्याने नाव लावलं होतं 'पायवाट'. त्यात चालणं, धावणं, वार करणं, सगळं एकाच हातात आणलेलं होतं. दोरीभाऊंनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्याने सुरुवात केली. उंदीर मेला. पायऱ्या चढल्या. दार उघडलं, आणि समोर एवढी थोरली दरी पसरली. नदी, पलीकडे गाव, गावावर धूर. ते कितीतरी वेळ तिथे नुसते उभे राहिले. हात लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून सहा महिन्यांत ते कुठे बाहेर पडलेच नव्हते.

"कोण हो हा पायवाट?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

जावयाने मॉडखालची ओळ वाचून दाखवली. 'जन्मापासून माझा एकच हात चालतो. स्वतःसाठी केलं. तुमच्याही उपयोगी पडलं तर बरं वाटेल.' त्याखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं, पण ते वाचायला थांबतो कोण?

"ना ओळख ना पाळख," दोरीभाऊ म्हणाले. "त्या माणसाने मला घराबाहेर काढलं. त्याचं उतराई कसं व्हायचं?"

हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. खेळता खेळता उत्तर सापडलं ते गावातल्या खाणावळीत. तिची भिंत बघून ते कळवळलेच. "हा चुना आहे की साबण? अहो, चुन्याची भिंत अशी गुळगुळीत नसते. ती जरा श्वास घेते, कोपऱ्यात पिवळट होते, चुलीजवळ धुरकटते." जावई म्हणाला, बाबा, मग तुम्हीच रंगवा की. त्याने चित्रं काढायची एक पाटी आणून दिली. तिच्यावर खास पेन फिरवला की पडद्यावर रंग उमटायचा.

दोन महिने दोरीभाऊ कामावर होते. सकाळी नाश्ता करून बसायचे ते दुपारी बायकोचा फोन आला की उठायचे. रुंद ब्रशचं काम डाव्या हाताला जमत होतं. तीन गावं, एकशे अठरा दारं. कुठल्याही रंगाऱ्याने आधी करावं तेच त्यांनी आधी केलं, भिंतीची डागडुजी. प्रत्येक चौकटीशेजारी कुणीतरी ओरखडे काढून ठेवले होते. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. सामान आतबाहेर करताना असे ओरखडे पडतातच. ते त्यांनी नीट बुजवले, वर चुना दिला आणि काम संपल्यावर लेकीने ते मॉड म्हणून इंटरनेटवर चढवलं, तेव्हा खाली लिहवून घेतलं, 'पायवाट यांना, मनापासून आभार मानून. हा मॉड सगळ्यात शेवटी लावावा.'

लोकांनी तो उचलून धरला. भिंतींना हात लावून बघावासा वाटतो, असं एकाने लिहिलं. सुचवलेल्यांच्या यादीत तो सतरावा लागला. दोरीभाऊंनी लेकीकडून ती यादी तीनदा वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून शीळ ऐकू आली. बायको हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून दाराशी जाऊन उभी राहिली.

आठवड्याने मॉडखाली एका बाईचा मजकूर आला. 'अर्धांगवायूनंतर मी एका हाताने खेळते. तीन दिवस गावात भटकते आहे. खुणा गेल्या कुठे?' त्याखाली पायवाटची ओळ होती. 'भिंती फार सुंदर झाल्या आहेत. पण दाराशेजारच्या रेघा माझ्या होत्या. नकाशा उघडायला दोन हात लागतात, ते काही मला बदलता आलं नाही. म्हणून एक रेघ म्हणजे बाहेरची वाट, दोन म्हणजे निवारा, तीन म्हणजे पुढे धोका.'

बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं होतं. दोरीभाऊंना त्या रेघांची गरज कधी पडलीच नव्हती. परक्यांच्या घरांत आयुष्य गेलेलं, दार कुठे उघडतं ते त्यांना भिंतीवरूनच कळे. ज्याचे आभार मानायचे त्याचंच काम आपण लिंपून टाकलं, आणि वर त्यालाच अर्पण केलं!

"मॉड काढून टाकू या, एका मिनिटाचं काम आहे," जावई म्हणाला. "चूक माझीही आहे, मीच सगळं वाचलं नाही."

"ज्यांनी लावलाय त्यांच्याकडे तो राहणारच ना? आणि भिंत खराब करून पळून जाणारा रंगारी मी नाही. रेघा मी काढून देतो."

पायवाटच्या रेघा पांढऱ्या होत्या, नव्या चुन्यावर त्या दिसल्याच नसत्या. म्हणून दोरीभाऊंनी गेरूचा रंग घेतला. पण डाव्या हाताला बारीक रेघ कधी शिकवलेलीच नव्हती, तो डिंक सांडल्यासारखी काढी. शेवटी त्यांनी पेन उजव्या हातात दिला. हाताला रेघ येत होती, पण तो थरथरत होता. पेन पाटीवर टेकवायचा, श्वास रोखायचा, आणि तरी रेघ निघायची ती लटपटतच. पायवाटच्या मूळ भिंती बघून चार दिवसांत त्यांनी एकशे अठरा दारं केली. शेवटच्या दाराची शेवटची रेघही सरळ आली नाही.

"काही काळजी करू नका, बाबा. संगणक सगळ्या सरळ करून देतो," जावई म्हणाला.

"द्या करून," दोरीभाऊ म्हणाले. संगणकाला दोरी लागली नसती, हे त्यांच्या मनात आलं आणि ते उठून खिडकीशी गेले.

जावयाने संध्याकाळी मूळ आणि सरळ केलेली अशा दोन्ही प्रती लेकीकडे पाठवल्या. लोक अडकून पडलेत, उशीर नको, या घाईत तिने वरची दिसली ती चढवून टाकली. सकाळी कळलं की ती थरथरत्या रेघांची होती.

"माझ्या नावाने ओबडधोबड काम गेलं!" दोरीभाऊ कडाडले. एवढा आवाज त्यांनी कधी लेकीवर चढवला नव्हता. "अख्ख्या जगाला दाखवलास माझा हात!"

लेक रडवेली झाली. "बाबा, चुकलं हो. आत्ता बदलते." तिने पान उघडलं आणि थांबली. पायवाटचा मजकूर येऊन पडला होता. जावई शेजारीच होता, त्याने वाचायला घेतला.

'दोरीभाऊ, माझ्या रेघा मी यंत्राने आखल्या होत्या. त्या वाट दाखवायच्या, बस एवढंच. तुमच्या थरथरतात. काल त्या बाईंनी मला लिहिलं की दारापाशी रेघ बघितली आणि वाटलं, माझ्यासारख्या हाताचं कुणीतरी इथून आधी जाऊन आलंय. त्या तासभर खाणावळीतच बसून होत्या म्हणे. मीही काल तिन्ही गावं पुन्हा फिरून आलो. कृपा करून या सरळ करू नका. अजून नऊ गावांत माझ्या यंत्राच्याच रेघा आहेत. त्या पुसून तुमच्या हाताने काढून द्याल का?'

बायको दुकानात जायला निघाली होती, ती पिशवी खांद्याला अडकवून तशीच उभी राहिली. दोरीभाऊंनी आपला उजवा हात समोर धरला. तो हलत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. आधी त्यांनी लेकीच्या डोक्यावरून तो हात फिरवला.

"बरं झालं घाई केलीस," ते म्हणाले. मग जावयाकडे वळले. "जावईबापू, ती सरळ केलेली प्रत आहे ना, ती पुसून टाका. आणि त्यांना माझे आभार लिहा. म्हणावं, उजवा हात मोकळा आहे. कुठलं गाव आधी हवंय?"