थोरला & धाकटा

पाटीवर 'थोरला & धाकटा, कुलूपवाले' असं ठसठशीत लिहिलेलं होतं, आणि पाटीखाली दोघा भावांत विस्तव जात नव्हता. थोरला गल्ल्यावर बसून गोड बोलायचा. धाकटा उन्हातान्हात हिंडून अडकलेली दारं उघडायचा आणि उशिरा आल्याबद्दल वर बोलणी खायचा. वडिलांनी जाताना शटरला दोन कुलपं लावून प्रत्येकाला एकेक किल्ली दिली होती, म्हणूनच दुकान एकत्र राहिलं होतं.

त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून मिळाल्यावर धाकट्याला नखशिखांत न्याहाळलं.

"तुम्ही थोरल्यांकडे कामाला का?"

"दुकान माझंही आहे."

बाईंनी मोबाइल पुढे धरला. दुकानाने पाठवलेली लिंक उघडली होती आणि पानावर ठळक अक्षरांत एकटाच 'थोरला'. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तडक दुकानाच्या मागच्या खोलीत गेला. लिंकचं काम थोरल्याची मुलगी बघायची.

"मला हाकलायचंय तर तोंडावर सांगा," तो म्हणाला.

पुतणीने लिंक पाहिली. "काका, पानावरचं नाव लिंकमधून येतं. लिंकमध्ये & दिसला की नाव इथेच संपलं, असं मशीन धरतं. त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि सव्वीस पाठवायचं असतं, मग पूर्ण नाव पोचतं. ते मी केलं नाही. माझी चूक."

"म्हणजे मशीनने गिळलं मला?"

"हो. दोन मिनिटांचं काम आहे."

धाकटा ओशाळला. दादा कितीही आखडू असला तरी एवढा नीच नाही, या विचाराने त्याला फार बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्याला दादाची माफी मागावीशी वाटली.

"मग दुरुस्त का नाही केलंस?" त्याने सहज विचारलं.

पुतणी खाली बघत म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, राहू दे, असंच बरं दिसतं."

थोरला दारात येऊन उभा होता. "त्यात एवढं काय? गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून येतं. हत्यारं काय, कुणीही चालवतं."

"आता करू का दुरुस्त, काका?"

"नको," धाकटा म्हणाला. "दादाला शोभतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने आपलं कुलूप काढलं. धाकट्याचं तसंच लटकत होतं आणि पायरीवर त्याची हत्यारांची पिशवी ठेवलेली होती. थोरल्याने फोन लावला.

"किल्ली घेऊन ये."

"हत्यारं ठेवलीत की," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोबाइल बघत पायरीशी आलं.

"थोरला कुलूपवाले तुम्हीच ना?"

"हो."

"मग उघडा की."

थोरल्याने पिशवीत हात घातला. त्यातलं काय उचलायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.