जर्दाळूचा आजार

"माणसाचा जन्म पुढे जाण्यासाठी असतो," असं लिफ्टमन म्हणाला आणि तळ्याकाठच्या बाकावर बसला.

वाक्य मोठं होतं, दम लहान. शिवाय हे वाक्य ज्याच्या तोंडून आलं, त्या गृहस्थाने तेहतीस वर्षं एका विमा कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून काढली होती. प्रवास रोजचा, पण सगळा वर नाहीतर खाली. पुढे असा तो निवृत्त झाल्यावरच जायला लागला, तेही त्याचा रक्तदाब बघून डॉक्टरांच्या भुवया चौथ्या मजल्यापर्यंत गेल्या म्हणून.

"उठा, उठा," हवालदार म्हणाला. हा त्याचा पळण्यातला जोडीदार. सगळी नोकरी चौकात झाल्यामुळे अजूनही प्रत्येक वळणावर हात दाखवल्याशिवाय वळत नसे. "अर्धं तळं बाकी आहे अजून."

"तुम्ही व्हा पुढे."

"अहो, आत्ताच भाषण दिलंत ना पुढे जाण्यावर?"

"ते एकूण मनुष्यजातीबद्दल होतं. मी आपला बसतो."

थंडी सरत आली होती. लिफ्टला खिडकी नसल्यामुळे आजवर वसंत ऋतू त्याला लोकांच्या कपड्यांवरून कळायचा: स्वेटर दिसेनासे झाले की आला. आता तो समोरासमोर भेटत होता. पहाटे बेकरीच्या गल्लीत आधी पावाचा वास येतो आणि वळण घेतलं की ओल्या मातीचा, हा शोध त्याला एकसष्टाव्या वर्षी लागला. गार हवा दातांना झोंबते, हा दुसरा. मंगळवारी तर त्याने बाबागाडी ढकलणाऱ्या एका बाईला मागे टाकलं. बाई थांबलेली होती हे खरं. पण टाकलं ते टाकलंच.

हे सगळं सांगायचं कुणाला? हवालदाराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बरं मग?"

ज्या माणसाला सांगायचं ते माणूस मुलीकडे गेलं होतं, परदेशी, बाळंतपणाला. दोन महिन्यांसाठी. त्याला आता चौदा महिने झाले. नात झाली, नातीला दात आले, त्या दातांनी ती लोकांना चावायलाही लागली. पण आजी काही निघेना.

मागे राहिली होती तिची बाग. घरामागे चार पावलांची जागा, पण तिच्यात पाऊल ठेवायची त्याला पूर्वी परवानगी नसे. हिवाळ्यात तिने फोनवर विचारलं, "बाग कशी आहे?" तो खरं बोलला, "छान आहे." ती म्हणाली, "मग मला काही घोर नाही." आणि राहिली.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "वाटाणा पिवळा पडलाय."

तिचा आवाजच बदलला. "कुठून? वरून की खालून?"

उपप्रश्न येईल अशी त्याची तयारी नव्हती. "वर आणि खाली," त्याने सवयीने सांगितलं.

तिने उपाय सांगितले: राख टाका, माती मोकळी करा, पाणी बेतानं. खोटं बोलायला तो नवा होता, त्यामुळे उपाय त्याने खरोखरच केले. धडधाकट झाडांवर इतके इलाज झाले की ती माजली. करायला गेला एक आणि झालं भलतंच. मग फोनचा कॅमेरा बिघडला असल्याचं जाहीर करावं लागलं. पाठोपाठ गुडघेही दुखायला लागले, म्हणजे फोनवर. आता गुडघे दुखणारा माणूस पळण्याच्या गमती कशा सांगणार? पावाचा वास, मातीचा वास, ती बाबागाडी, सगळं साठत चाललं.

शेवटी त्याने जर्दाळू आजारी पाडला.

जर्दाळू हा तिचा जीव. आठ वर्षांपूर्वी लावलेला. पानं धरी, पण एक फूल नाही. पाहुण्यांना वाटे, कपडे वाळत घालायची काठी आहे. तरी ती रोज सकाळी त्याच्यापाशी उभी राही. "खोडाला कीड लागलीये," तो म्हणाला. ती म्हणाली, "मी येते. सतरा तारखेचं तिकीट काढायला लावते."

सहा तारखेला तो अख्खं तळं न बसता पळाला. शेवटच्या वळणावर हवालदाराने हात आडवा करून, नसलेली सगळी वाहनं त्याच्यासाठी थोपवून धरली.

घरी येऊन तो पाणी प्यायला मागच्या दारी गेला, तर जर्दाळू फुलला होता. पान एक नाही, काळ्या काटकीवर नुसती फुलं. पांढरी, आत किंचित गुलाबी. एक मधमाशी पत्ता विचारत आल्यासारखी फिरत होती.

त्याने रोपवाटिकेत फोन लावला. "जर्दाळूची फुलं किती दिवस टिकतात हो?"

"चार. वारा सुटला तर तीन."

सतरा तारखेला अकरा दिवस होते. तो पायरीवर बुटांसकट बसला. गप्प राहिलं तर त्याला बायको मिळत होती, बोललं तर तिला फुलं. आठ वर्षं ती त्या काठीपाशी उभी राहिली होती. हात दाखवून अवलक्षण, असं स्वतःला बजावून त्याने फोन लावला, कॅमेऱ्यासकट.

तिकडे संध्याकाळ होती. नात तिच्या खांद्यावर पेंगत होती.

"अगंबाई, कॅमेरा झाला नीट? आणि हा घाम कसला? ताप आहे का?"

"पळून आलो."

"कुणापासून?"

"तळ्याभोवती. पूर्ण." मग त्याने फोन झाडाकडे फिरवला.

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, "आपला?"

"आपलाच."

"आणि कीड?"

"नव्हती."

"वाटाणा?"

"गुडघ्यापर्यंत आलाय."

"तुमचे गुडघे?"

"तेही बरे आहेत."

"म्हणजे मी नाही आले तरी चालण्यासारखं आहे सगळं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेहतीस वर्षं त्याने हजारो माणसांना 'कितवा?' एवढंच विचारलं होतं. लांब वाक्यांची सवय नव्हती. झाडाकडे पाठ करून त्याने फोन स्वतःकडे वळवला.

"बागेचं चालेल," तो म्हणाला. "माझं नाही चालत." आणि एकदा दार उघडलं तसं सगळंच बाहेर आलं: पाव, माती, बाबागाडी, हवालदाराचा हात. "रोज काहीतरी नवीन दिसतं गं. घरी येऊन सांगायला तोंड उघडतो, तर समोर कपाट. झाडांसाठी नको येऊस. झाडं तुझ्यावाचून बरी आहेत, निर्लज्ज आहेत. मी खोटं बोललो, त्याचं काय बोलायचं ते इथं येऊन बोल. पण ये."

तिने चष्मा काढला, नातीच्या लाळेऱ्याने पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली.

"हं?"

"जरा बाजूला सरका ना. मागचं काही दिसत नाहीये."