पार्बताचा हात

आमच्या दर्यापूरच्या भाजीबाजारात कोनाचं लेकरू तापलं, की त्याची माय त्याले घेऊन माह्या बायकोपाशी येत जाय. पार्बता मेथीच्या जुड्या बाजूले ठेवून पालथा हात लेकराच्या कपाळाले लावे आन सांगे, "एकशे दोन हाये. दवाखान्यात ने." डॉक्टरच्या थर्मामीटरात तेवढाच ताप निघे. मले तिचा मोठा अभिमान वाटे. घरात ती काचेची नळी कायले पाहिजे, असं मी साऱ्याइले सांगत जाय.

गेल्या भादव्यात ती तीन दिवस गप गप होती. जुड्या बांधता बांधता भिंतीले टेकून बसे. मी इचारलं, "ताप हाये का वं तुले?" तिनं आपलाच हात आपल्या कपाळाले लावला. म्हने, "नाई जी. हात आन कपाळ सारखंच लागते."

मी मानलं. तिचा हात कदी चुकला नोता.

चौथ्या दिवशी ती वावरात मेथीच्या वाफ्यातच पडली. तिले अमरावतीले नेलं, तं तिथला डॉक्टर माह्यावर खेकसला, "एकशे पाच आहे! तापलेल्या हाताला तापलेलं कपाळ कसं कळेल? दुसऱ्या कोणी हात लावून पाहिला नाही?"

नाई पायला. घरात सून, नातू. त्याइच्यासमोर बायकोच्या कपाळाले हात लावाची मले लाज वाटे. आग लागो त्या लाजेले.

दोन दिवसांनी तिले अंगणात ठेवलं. बायांनी कुंकवाचा करंडा माह्यापुढं केला. लग्नानंतर पहिल्यांदा माहं बोट तिच्या कपाळाले लागलं.

गार होतं.