प्रकाशचा जामीनदार

सौंसरच्या कोर्टात प्रकाशला जामीन राहायला त्याचा सख्खा भाऊसुद्धा पुढे आला नाही. उठले ते दादाराव, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, नुसत्या खाकरण्याने अर्धं सावरगाव जागं करणारे. प्रकाश त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला शिपाई. सरहद्दीवर पाय जायबंदी झाला, फौजी दवाखान्यात दुखणं थांबवायचं इंजेक्शन मिळालं. पुढे दुखणं गेलं, इंजेक्शन काही सुटलं नाही. फौजेने घरी पाठवलं आणि पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर तो त्याच औषधासकट पोलिसांच्या हाती लागला. अमली पदार्थांचा नवा कायदा कडक होता, पण जज माणूस ओळखणारा. त्याने तुरुंगाऐवजी नागपूरला उपचाराला धाडलं आणि बजावलं, पुन्हा नशा केली तर सरळ जेल.

पोरगा बरा होऊन आला. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीत एकमेकांवर दगड फेकतात आणि बाटल्याही उघडतात, म्हणून दादारावांनी त्या दिवशी प्रकाशला घरात घालून बाहेरून कुलूप लावलं. तो कौलं सरकवून पळाला.

दुपारी नदीकडून तो झोकांड्या खात येताना दिसला. दादारावांचं डोकंच फिरलं.

"पेऊन आला काय बे?" म्हणत त्यांनी थोबाडीत हाणली. हात रक्ताने भरला.

मागून समोरच्या बाजूचा, पांढुर्ण्याचा गुणवंता लंगडत आला. "मारू नका जी! यानं मले खांद्यावर घेऊन नदीबाहेर काढलं, तवा याच्या डोक्यात गोटा बसला!"

दादारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्याच्या तंबूत डॉक्टर म्हणाले, "टाके घालावे लागतील. बधिर करायचं औषध सकाळीच संपलं. दुखण्याचं इंजेक्शन आहे. देऊ?"

ते तेच होतं, फौजी दवाखान्यातलं. प्रकाश इंजेक्शनकडे बघतच राहिला.

"घे गा," दादाराव हळूच म्हणाले. "डॉक्टरच देऊन राहिले. कोर्ट याले नशा म्हणत नाही."

"कोर्ट नाही म्हणत, काकाजी. माह्यं अंग म्हणते." त्याने बनियनची कड दातांत धरली. "तसंच शिवा, डॉक्टरसाहेब."

टाके पडत गेले. प्रकाशने हूं की चूं केलं नाही. त्याचा हात दादारावांनी धरला होता आणि दर टाक्याला ओरडत होते ते तेच.

डॉक्टर वैतागले. "हवालदारसाहेब, तुम्हालाच देऊ का इंजेक्शन?"

दादारावांनी शेल्याने डोळे पुसले. "नको जी," ते म्हणाले. "हा नाही म्हणते, त मी कोणत्या तोंडानं घेऊ?"