राक्षसाचे सुळे

अख्ख्या हैदराबादेत माझ्याशी अबोला धरलेला माणूस एकच, माझे बाबा. इंजिनिअरिंग सोडून मी चिक्कडपल्लीच्या ॲनिमेशन क्लासला जाऊ लागले आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने तोंड मिटलं ते मिटलंच.

आज ते न विचारता खोलीत आले आणि माझ्या पाठीशी उभे राहिले. टीव्हीएवढ्या मॉनिटरवर मी घडवलेला राक्षस होता. उद्या तो क्लासच्या सरांना दाखवायचा होता.

मॉनिटरकडे वाकून ते म्हणाले, "सुळ्यांमुळे जबडाच मिटत नाही. हा खाणार कसा?"

"तो खरा नाहीये, बाबा," मी तडकून म्हणाले.

"म्हणून काय उपाशी मारतेस त्याला?" म्हणत बाबांनी खुर्ची ओढली.